वाचनालयाच्या पार्किंगमधला दवाखाना

दिनांक: ऑक्टोबरचा पहिला गुरुवार, सकाळी साडेदहा.

उपस्थित: मेंदूचे डॉक्टर (मॉरिसव्हिल, अमेरिका, माझ्या डाव्या हाताला, चहा-बिस्किटांसह). मी (प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर, म्हणजे जे काम कुणाचंच नाही ते माझं). आयटीवाला (लांब, दुसऱ्या राज्यातल्या अर्विंगहून, फक्त आवाज). पेशंट (अडीच तासांवरच्या एका काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, वाचनालयाच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये, स्टिअरिंगमागे).

अनुपस्थित: पेशंटची बायको, पोस्टात गेलेली. इंटरनेट: हजेरीचा भरवसा नाही.

कुठल्याही कामाची सुरुवात अशी करायची माझी जुनी सवय आहे. मंडळाच्या गणपतीची मीटिंग असो, नाहीतर घरी चार माणसं जेवायला येणार असोत, आधी हजेरी आणि मग विषय. माझी मुलगी यावर "आई, इट्स जस्ट डिनर" म्हणते. तिचं तिला माहीत. चार माणसं जेवायची आणि दही कुणी आणायचं हेच ठरलेलं नाही, असे प्रसंग मी पाहिलेले आहेत.

तर विषय. आमच्या हॉस्पिटलला तीनेक वर्षांपूर्वी साक्षात्कार झाला की आपल्या राज्यात अशा काउंट्या आहेत जिथे मेंदूचा डॉक्टर औषधालाही सापडत नाही. तिथे राहणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना कुणी समितीवर घेतलं नव्हतं. मग आमची समिती बसली. "पूल बांधणे" हा शब्द इतक्या वेळा वापरला गेला की हे हॉस्पिटल आहे की बांधकाम खातं, असा प्रश्न पडावा. शेवटी एक पोस्टर निघालं. हिरव्यागार टेकडीवर पांढऱ्या कोटातला डॉक्टर, मागे उगवता सूर्य, आणि वर मजकूर, की मेंदूचे तज्ज्ञ आता तुमच्या घरी, व्हिडिओवर.

त्यानंतर समितीला दुसरा साक्षात्कार झाला. जिथे मेंदूचा डॉक्टर नाही, तिथे व्हिडिओ चालेल असं इंटरनेटही नाही.

वाचनालयात मात्र आहे. चांगलं आहे, आणि भिंती ओलांडून थेट पार्किंगपर्यंत येतं. त्यामुळे त्या भागातली माणसं शाळेचा अभ्यास, नोकरीचे अर्ज आणि नातवंडांशी गप्पा, सगळं वाचनालयाबाहेर गाडीत बसून करतात. आमचे पेशंटही तेच करायला लागले. आमच्या सूचनापत्रात लिहिलेलं असायचं: शांत, उजेडाची खोली निवडा, सोबत घरचं एक माणूस ठेवा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. समितीच्या बऱ्याच बैठका होऊन त्यात एका ओळीची भर पडली: गाडीत असाल तर गाडी उभी असू द्या.

यातली खरी गंमत कुणाच्याच लक्षात आली नाही. मेंदूचे डॉक्टर ज्या पेशंटला भेटतील त्याला सगळ्यात आधी काय सांगतात? गाडी चालवू नका. आणि आम्ही त्याला भेटायला कुठे बोलावतो? जिथे गाडी चालवत गेल्याशिवाय पोचताच येत नाही तिथे.

आमचे डॉक्टर मूळ नागपूरचे. ते दोनदा निवृत्त झाले आहेत, आणि दोन्ही निरोपसमारंभ मीच केले आहेत. दुसऱ्या वेळी मी केकवर नाव न घालता नुसतं "शुभेच्छा" लिहून घेतलं, म्हणजे तिसऱ्यांदा नवा विचार करायला नको. मीटिंगमध्ये मी त्यांना डॉक्टर म्हणते, एरवी काका. व्हिडिओवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांचा विश्वास गुडघ्यावर मारायच्या रबरी हातोडीवर.

"यातून मी काय रिफ्लेक्स बघू?" ते दर गुरुवारी म्हणतात. "स्क्रीनला हातोडी मारू? ती फुटली की तूच यादीत लिहिशील, डॉक्टरांनी फोडली."

"लिहीन," मी म्हणते. लिहीनच.

त्या दिवशीचे पेशंट सत्तरीचे. मी मनातल्या मनात त्यांना ट्रकवाले म्हणत असे, कारण दर वेळी आम्हाला त्यांच्याइतकाच त्यांचा ट्रक दिसायचा. कपाळापर्यंत टोपी, खाली पिकलेली मिशी, मागे केबिनची काच. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेले. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: मधूनमधून हरवल्यासारखे होतात, बायको म्हणते उत्तर देत नाहीत. प्रत्यक्ष काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही. आमच्या बाजूला आधीच्या दोन भेटींपुढे एकच शेरा होता, "तांत्रिक अडचण". दोन्ही वेळा चित्र थिजलं, मी फोन कापून परत लावला, तोवर वेळ संपली. त्यांनी न कुरकुरता तिसरी तारीख घेतली. असा पेशंट लाभणं हे आमच्यासारख्या कार्यक्रमाचं भाग्य. तक्रार करत नाही आणि सारखा येत राहतो.

"गुड मॉर्निंग, डॉक," ते म्हणाले. "गुड मॉर्निंग, मॅम." आवाज स्वच्छ होता. चित्र नेहमीप्रमाणे मळकट.

डॉक्टरांनी सुरुवात केली. "ते होतं तेव्हा नेमकं काय होतं?"

"ते मला कसं माहीत असणार, डॉक? तेव्हा मी तिथे नसतो."

डॉक्टर हसले. मला उत्तर आवडलं, मी लिहून घेतलं. "बरं, आधी काही जाणवतं? वास, पोटात कालवाकालव?"

"कधीकधी असं वाटतं की..." आणि ट्रकवाले थांबले. टोपी, मिशी, काच, सगळं जिथल्या तिथे.

"गेला," डॉक्टर म्हणाले. "परत गेला." त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि बिस्किटाकडे वळले.

"हॅलो? कॅन यू हिअर अस?" मी नेहमीचा मंत्र म्हटला. उत्तर नाही. मग अर्विंगला साद घातली. व्हिडिओची यंत्रणा ज्या कंपनीकडे आहे तिचा एक इंजिनीअर आमचा दवाखाना चालू असेपर्यंत फोनवर बसून असतो. पुण्याचा, तीन मुलांचा बाप, शांत स्वभावाचा. त्याला पेशंट दिसत नाही. फक्त सिग्नलची रेघ दिसते.

"मॅडम, माझ्याकडे सगळं ग्रीन आहे," तो म्हणाला.

"तुमच्याकडे नेहमीच ग्रीन असतं."

"नाही यार... सॉरी, मॅडम. खरंच फुल सिग्नल आहे. चित्र येतंय तिकडून."

"येतंय ना. एकच येतंय."

"रीस्टार्ट करून बघता?"

आता, आयटीवाला 'आमच्याकडून सगळं ठीक आहे' म्हणाला म्हणून कुणी विश्वास ठेवल्याचं जगात एक तरी उदाहरण आहे का? मी माउस लाल बटणावर नेला. डॉक्टर चहात बिस्किट बुडवून मला जावयाच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल सांगायला लागले होते. मी बटण दाबणार, तेवढ्यात त्या थिजलेल्या चित्रात ट्रकचं पलीकडचं दार उघडलं.

एक बाई आत चढल्या. मांडीवर टपालाचा गठ्ठा घेतला, दार ओढून घेतलं, पट्टा लावला. शेजारी त्यांचा नवरा टोपीसकट जसाच्या तसा.

"काका," मी म्हणाले.

डॉक्टरांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्यांनी कप बाजूला सारला आणि इतके पुढे झुकले की त्यांचं नाक स्क्रीनला लागायचं बाकी राहिलं. "बंद करू नकोस. कशालाच हात लावू नकोस." मग त्यांचा आवाजच बदलला. "मॅम, मी डॉक्टर बोलतोय. त्यांचा हात धरा. काय करतोय हात?"

"हा?" बाईंनी चाचपून हात शोधला. "शर्टाचं बटण कुरवाळतोय."

"आणि तोंड?"

"मला तोंड दिसत नाही हो, डॉक. माझी नजर अधू आहे. हातानं बघते." त्यांनी नवऱ्याच्या गालावर तळवा ठेवला. "काहीतरी चघळतोय. पण च्युइंगम तर हा खात नाही."

"तसाच हात ठेवा. त्यांच्याशी बोलत राहा."

"काय बोलू? दोघंच असतो तेव्हा कोण बोलतं," असं म्हणत त्या त्याला विजेचं बिल आल्याचं सांगायला लागल्या. थोड्या वेळानं टोपी हलली. ट्रकवाल्यांनी दोनदा गिळलं, डोळे मिचकावले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "तू कधी आलीस?" मग आमच्याकडे वळून, "हां, डॉक, काय विचारत होतात?"

डॉक्टरांनी आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि मराठीत म्हणाले, "बघितलंस? चाळीस वर्षं या विषयात आहे मी. माणसाला डोळ्यांदेखत फिट येतेय, तू वायफाय दुरुस्त करतेयस, आणि मी बिस्किट खातोय."

"मॅडम," अर्विंगहून आवाज आला, "मी तक्रारीचं तिकीट क्लोज करू का?"

"करा," मी म्हणाले. "आणि तुमचं बरोबर होतं असं त्यात लिहा. असा दिवस परत येणार नाही."

आवाज पुन्हा सुरू करून डॉक्टरांनी बाईंना विचारलं, असं आधी झालेलं त्यांना कधी जाणवलं होतं का.

"तो मधूनच उत्तर द्यायचा बंद होतो, हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, डॉक. मला वाटलं, नवरा आहे."

याला काय म्हणायचं? आम्हाला इंटरनेट वाटलं, तिला नवरा वाटला. आपापल्या अनुभवातून ज्याने त्याने निदान केलेलं. काका पुढे दोन आठवडे म्हणत होते की नवरा उत्तर देत नाही हे लक्षण धरलं, तर मॉरिसव्हिलमधल्या सगळ्या घरांना गोळ्या लिहून द्याव्या लागतील.

पण त्या क्षणी ते हसत नव्हते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. अंग आवळणारी, जमिनीवर पाडणारी तेवढीच फिट नसते. अशी शांत फिटही असते, जिच्यात माणूस जागच्या जागी हरवतो आणि परत येतो. तिच्यावर औषध आहे, बहुतेकांना लागू पडतं. तपासण्या कराव्या लागतील. आणि गाडी चालवायची नाही. औषध लागू पडून सगळं थांबलं आहे अशी खात्री होईपर्यंत, म्हणजे निदान काही महिने, अजिबात नाही.

"येस, सर," ट्रकवाले म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले. "समजलं. घरी गेलो की चावी खिळ्याला लावून टाकतो."

"घरी कसे जाणार?"

"गाडीनं."

  मांडीवरचं टपाल बाईंनी एकदा उलट, एकदा सुलट केलं.

"हे बघा, डॉक," ट्रकवाले शांतपणे म्हणाले, "मी तुमच्याशी वाद घालत नाही. पण हिला दिसत नाही. दर महिन्याला हिच्या डोळ्यात सुई मारतात, पलीकडच्या काउंटीत, हायवेनं तासभर. सुई चुकली तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरनी सांगितलंय. पुढची सुई तीन आठवड्यांनी, शुक्रवारी आहे. मी नाही नेलं तर कोण नेणार?"

"आम्ही बघतो," डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलच्या भाषेत 'आम्ही' म्हणजे मी.

"आणि आत्ता," डॉक्टर पुढे म्हणाले, "तुमच्या दोघांच्या घरी जायची सोय होईपर्यंत मी हा फोन ठेवणार नाही."

"तुमचे बाकीचे पेशंट थांबले असतील की."

"थांबू देत."

वीस मिनिटांच्या वर कुणाला वेळ न देणारा हा माणूस. त्याने खुर्ची पुढे ओढली, मान वर केली आणि ट्रकवाल्यांना विजेच्या खांबांबद्दल विचारायला लागला. मला खूण केली, की हो तू पुढे. मी पुढच्या पेशंटला अर्ध्या तासाने यायला कळवलं आणि दुसरा फोन उचलला.

इथे मला माझ्यावर पूर्ण भरवसा होता, हे सांगायला हवं. गाडी न चालवणाऱ्या माणसांना इकडून तिकडे पोचवणं हे माझं क्षेत्र आहे. मॉरिसव्हिलला दर उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, सहा महिने राहतात, आणि त्यांच्यातला एकही इथे गाडी चालवत नाही. मुलगा-सून कामावर. मग कुणाच्या आईला देवळात जायचंय, कुणाच्या बाबांना रक्त द्यायचंय, कुणाला नुसतं इंडियन ग्रोसरीत जाऊन कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघायची आहे. त्यासाठी माझा ग्रुप आहे. सकाळी लिहायचं, "एक काकू, डोळ्यांचा डॉक्टर, अकरा वाजता." चहाचा कप संपायच्या आत तीन जण "मी नेतो" म्हणतात, आणि चौथी काकू विचारते, जाताय तर येताना दुधी आणाल का.

म्हणून वाटलं, यात काय एवढं. एका अमेरिकन जोडप्याला वाचनालयातून घरी पोचवायचंय. गाव त्यांच्या ओळखीचं, माणसं जुनी.

पहिला फोन काउंटीच्या व्हॅनला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. व्हॅन मिळते, जरूर मिळते. दोन कामाचे दिवस आधी सांगायचं. मी म्हटलं, गरज आत्ता आहे. त्या म्हणाल्या, आत्ताचीही मिळाली असती, दोन दिवस आधी सांगितलं असतंत तर. मी विचारलं, डॉक्टरांकडून घरी न्यायला येते का? येते, पण डॉक्टरांकडे आम्ही आणलेलं असेल तरच घरी नेतो. आणि हा पेशंट तर वाचनालयात आहे. वाचनालय म्हणजे डॉक्टर नव्हे.

"आमच्याकडे वाचनालय म्हणजेच डॉक्टर," मी म्हणाले. त्यांना ते समजलं नाही. मला तरी कुठे समजत होतं?

मागून ट्रकवाल्यांचा आवाज येत होता, वादळात लाइन पडली की आधी कुठल्या टोकाला जायचं ते काकांना समजावत होते. काका हुं हुं करत होते. मधूनच नागपूरच्या उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगबद्दल सांगत होते. दोघांचं छान जमलं होतं.

दुसरा फोन ट्रकवाल्यांच्या चर्चला. गावाकडे सगळं चर्चमधून चालतं, हे मला ऐकून माहीत होतं. ऑफिसमधल्या बाईंनी उचलला. मी म्हटलं, तुमच्या एका कुटुंबाला दवाखान्यातून घरी न्यायचं आहे. कुणाचं, काय, ते मी सांगितलं नाही, ते सांगायचं नसतं. फक्त एवढंच विचारलं, की तुमच्याकडे कुणी ने-आण करतं का.

"अर्थात करतं!" बाई खूश झाल्या. "थांबा, त्याचाच नंबर देते. आमच्याकडे सगळ्यांना तोच नेतो. डायलिसिसवाल्यांना, म्हाताऱ्यांना, अगदी मेंदूच्या डॉक्टरांची व्हिडिओ असते ना, तिकडेसुद्धा. दोघं जण जातात त्याच्या ट्रकमधून." आणि त्यांनी जो नंबर दिला तो माझ्यासमोरच लिहिलेला होता, त्या दिवशीच्या पेशंटच्या नावापुढे.

मी पेशंटची यादी पुढे ओढली. त्या काउंटीतल्या आमच्या आणखी दोन पेशंटच्या पुढे, एक अर्धशिशीवाल्या आणि एक पार्किन्सन्सवाले, "शेजारी आणतात" असं लिहिलं होतं. म्हणजे आमचा पूल, ज्याच्यावर इतक्या मीटिंगा झाल्या, तो एका पिकअप ट्रकच्या मागच्या सीटवर होता, आणि तो चालवणाऱ्याला मधूनमधून फिट येत होती.

"त्यांच्याशिवाय दुसरं कुणी?" मी विचारलं. "म्हणजे तुमचा एखादा ग्रुप? पाळ्या? कोण कुठल्या दिवशी, असं काही?"

"पाळ्या?" बाई विचारात पडल्या. "नाही. आमच्याकडे तो आहे ना."

आता त्यांना काय सांगणार? आमच्याकडे ग्रुपमध्ये पन्नास माणसं, त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत, पण काकूंना अकरा वाजता गाडी मिळते. त्यांच्याकडे एकमेकांवर जीव टाकणारं सगळं गाव, आणि ड्रायव्हर एक.

तिसरा फोन वाचनालयात. ग्रंथपाल बाई त्या दिवशी एकट्याच होत्या. त्यांना मी इतकंच म्हटलं, बाहेर एक पिकअप ट्रक आहे, त्यातल्या दोघांना घरी जायचंय आणि आज ट्रक चालवायचा नाहीये.

"तो बिघडलाय?"

"ट्रक ठीक आहे," मी म्हणाले.

 मग त्या म्हणाल्या, "आलं लक्षात." पुढे एक शब्दही विचारला नाही. खिडकीपाशी जाऊन आल्या असाव्यात. "माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत त्यानंच नेलं-आणलं तिला. मी सोडते. दारावर पाटी लावायला दोन मिनिटं द्या."

काउंटीचं एकमेव वाचनालय भर कामाच्या वेळी "परत येते" अशी पाटी लावून बंद झालं. वाचकांनी तक्रार केली असेल तर माझ्यापर्यंत आलेली नाही.

मी स्क्रीनकडे वळले. काका आणि ट्रकवाले तोवर संत्र्यांवर आले होते. बाईंच्या खिडकीवर टकटक झालेली आम्ही ऐकली. ट्रकवाल्यांनी आरशात बघितलं, मान हलवली आणि इंजिनाची चावी काढली. हातात धरून बसले.

"मी एवढी वर्षं चालवतोय, डॉक," ते म्हणाले. "कुणाला धक्का लागला नाही कधी."

"माहीत आहे."

"आत्तासुद्धा मला काही वाटत नाहीये. एकदम ठीक आहे मी."

"तेही माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तिथे नसता तेव्हाची मला काळजी आहे."

ट्रकवाल्यांनी चावी बायकोकडे दिली. ती बाईंनी पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि वरून हात ठेवला. "आता हिलाच दिसत नाही कुठे ठेवली ती," ते म्हणाले, आणि बाईंनी कोपराने त्यांना अशी ढुसणी दिली की बाईंना नीट दिसत नाही यावर माझा तरी विश्वास बसला नसता.

फोन ठेवायच्या आधी ते मला म्हणाले, "मॅम, सोमवारी सकाळी एका म्हाताऱ्याला हार्टच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. कुणीतरी सांगाल का त्याला?"

"नंबर द्या," मी म्हणाले. त्यांनी दिला. आणखी एक दिला. मग दिवसवार सांगायलाच लागले, आणि मी लिहीत गेले. ग्रंथपाल बाई दार उघडून बाहेर उभ्या होत्या.

फोन संपल्यावर आमच्या यंत्रणेने आपणहून पेशंटला एक प्रश्न पाठवला, जसा ती सगळ्यांनाच पाठवते: आजचा अनुभव कसा होता? त्यांनी पाच तारे दिले. शेरा: "या वेळी इंटरनेट चांगलं होतं."

हा अहवाल समितीपुढे गेला. समितीने समाधान व्यक्त केलं.

औषध सुरू झालं आहे. ते टपालाने घरी जातं, ही एक गोष्ट त्या भागात आपोआप होते. ट्रक दुसऱ्या दिवशी चर्चच्या बाईंच्या भावाने घरी नेऊन ठेवला. सोमवारच्या म्हाताऱ्यांना काउंटीची व्हॅन मिळाली. मी दोन कामाचे दिवस आधी सांगितलं होतं, आणि हार्टचे डॉक्टर हे डॉक्टरच आहेत याची खात्री त्यांनी दोनदा करून घेतली. चर्चच्या बाईंना मी फोनवरून पाळ्यांचा ग्रुप कसा करायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी त्यात सगळ्यांनी एकमेकांना शुभ सकाळ म्हटलं. चौथ्या दिवशी एकाने "बुधवार मी" असं लिहिलं. आमचे पार्किन्सन्सवाले बुधवारी पोचले. अर्धशिशीवाल्या बाईंचं सुनेने कबूल केलं आहे, तोंडी. तोंडी कबुलीला मी अर्धी खूण करते.

राहिली डोळ्याची सुई. व्हॅन काउंटीची हद्द ओलांडत नाही. ग्रुपमधली माणसं गावातल्या गावात न्यायला तयार आहेत, पण हायवेचं नाव काढलं की ग्रुप शांत होतो. ग्रंथपाल बाईंना पूर्ण दिवस वाचनालय बंद ठेवता येत नाही. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर एका काकांनी उत्तर दिलं की जायला-यायला सात तास होतात हो, आणि पुढे हात जोडल्याची खूण. त्यांचं चुकीचं नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, मी जातो. त्यांची इथेच वाढलेली मुलगी शेजारी बसली होती. "बाबा, नो हायवेज. वी टॉक्ड अबाउट धिस." मेंदूच्या डॉक्टरांनी मान खाली घातली. मी म्हटलं, मी जाते. पण त्या शुक्रवारी दवाखान्यात सकाळपासून पेशंट आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी सुट्टी काढून आणणार आहे.

काल ट्रकवाल्यांचा फोन आला. फिट नाही, झोप जरा जास्त येते, बाकी ठीक. "तिच्या शुक्रवारचं काही झालं का, मॅम?" त्यांनी विचारलं, आणि घाईघाईने म्हणाले, "विचारतोय फक्त. ट्रक दारातच उभा आहे, म्हणून."

"चावी कुठे आहे?" मी विचारलं.

"तिच्या पर्समध्ये."

"तिथेच राहू दे."

"येस, मॅम," ते म्हणाले. या वेळी जरा थांबून म्हणाले, ते मला बरं वाटलं.

शुक्रवार आठ दिवसांवर आहे. उद्या सकाळी आठला डोळ्यांचा दवाखाना उघडतो. सुई एक दिवस आधी, गुरुवारी देता येईल का, हे विचारायचं आहे. गुरुवारी नेणारं माणूसही अजून मिळालेलं नाही.